रहस्यकथेतला राखणदार: तर्क आणि अद्भुत एका कादंबरीत कसे नांदवावेत?

प्रश्न: तेरेखोलकाठ

सर्वांना नमस्कार. गेली तीन वर्षे मी एक कादंबरी लिहीत आहे आणि दुसरा खर्डा पूर्ण करताना अशा एका जागी अडले आहे, जिथून पुढे कसे जावे हे मला एकटीला उमगत नाही. येथे अनेक जण अद्भुतकथा लिहितात, काही जण केवळ वाचतात पण लेखकांहून बारकाईने वाचतात, म्हणून प्रश्न सविस्तर मांडते.

कथानक १९३० च्या दशकातील सावंतवाडी संस्थानात, तेरेखोल नदीकाठच्या एका कल्पित गावात घडते. जत्रेच्या आदल्या रात्री देवळातला चांदीचा मुखवटा नाहीसा होतो, आणि सकाळी देवळाचा गुरव गावच्या सीमेपलीकडील खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या दलदलीत, मरून पडलेला आढळतो. संस्थानचा एक फौजदार तपासाला येतो. येथपर्यंत ही सरळ रहस्यकथा आहे. परंतु माझ्या या गावाला राखणदार, म्हणजे गाव राखणारी अलौकिक शक्ती, आहे, आणि तो केवळ लोकांच्या समजुतीत नाही, तर कादंबरीच्या जगात खरोखर आहे. तो रोज रात्री गावची सीमा फिरतो, त्याच्या वहाणांची करकर लोकांना अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येते, वाट चुकलेल्या पोराला तो पाणंदीपर्यंत आणून सोडतो. मी ज्या घरात वाढले तेथे हे असेच सांगितले जात असे, आणि 'तो सारा भास होता' असा शेवट करून त्या सांगणाऱ्यांना खोटे पाडण्याची माझी मुळीच इच्छा नाही.

अडचण अशी, की त्या रात्री जे घडले ते राखणदाराने पाहिलेले असणार. त्याने ते सांगितले, तर कादंबरी चाळिसाव्या पानावर संपते. सांगितले नाही, तर तो राखणदार कसला, असे वाचक विचारणारच. पहिला खर्डा मी दोन स्नेह्यांना वाचायला दिला होता. त्यांतले एक आयुष्यभर रहस्यकथा वाचत आलेले गृहस्थ आहेत. त्यांचे म्हणणे असे, की राखणदार खरा आहे हे कळले त्या क्षणी त्यांनी तर्क लढवणे सोडून दिले, कारण आता काहीही घडू शकते. दुसरी माझी मैत्रीण अद्भुतकथांवर जीव टाकणारी. तिला फौजदाराने घेतलेल्या जबान्यांचा कंटाळा आला आणि राखणदार पुन्हा केव्हा येतो याचीच ती वाट पाहत राहिली. दोघांच्याही हाती मी अर्धेच पुस्तक ठेवले, असे मला वाटू लागले आहे.

मी लिहायला शिकले ते चाहत्यांच्या लेखनातून, हेही सांगायला हवे. टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी अद्भुत कादंबऱ्यांच्या मालिकेतील पहारेकऱ्यांवर मी आठ वर्षे मराठीत कथा लिहिल्या, आणि पंधरा-वीस जणांच्या आमच्या गटात त्या ई-मेलने फिरत राहिल्या. १९८९ साली आलेल्या 'गार्ड्स! गार्ड्स!' पासूनच्या त्या पुस्तकांत ड्रॅगन आहेत, जादूगार आहेत, पाषाणाचे ट्रोल शहराच्या पहाऱ्यात भरती होतात, आणि तरीही तपास हा तपासच राहतो, कारण पहाऱ्याचा प्रमुख सॅम व्हाइम्स हा जादूवर विसंबायला कधीच तयार नसतो. त्या जगात लिहिताना नियम आयते मिळत असत. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबे कुठे आहेत हे एकदा कळले की हात आपोआप तिकडे जातो. आता घर माझे स्वतःचे आहे आणि कोणता डबा कुठे ठेवावा हेच मला ठरवता येत नाही.

एका संपादकांनी हस्तलिखित परत करताना कळवले, की ही रहस्यकथा म्हणून छापायची की भयकथा म्हणून, हे आधी आपणच ठरवा. मला दोन्हींपैकी एक टाकायचे नाही. राखणदाराचे राखणदारपण न घालवता त्याला गप्प कसे ठेवावे, आणि दोन प्रकारच्या वाचकांना एकाच पुस्तकात समाधान कसे द्यावे, यावर आपले विचार ऐकायला आवडतील.

गोदातीर

ताई, आपल्यापुढे जो पेच आहे तो आपल्याकडच्या कथाकारांनी फार पूर्वी सोडवून ठेवला आहे, आणि त्याचे गाव पैठण आहे.

वेताळाच्या पंचवीस कथा आपण सर्वांनी लहानपणी वाचल्या, परंतु त्यांची रचना आपण लेखक म्हणून क्वचितच तपासतो. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त या कथांचा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, आहे. एका भिक्षूच्या सांगण्यावरून, स्मशानातील शिंशपा वृक्षावरून प्रेत खांद्यावर घेऊन त्याने मुकाट्याने चालायचे आहे. प्रेतात वेताळ शिरलेला आहे. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी कूटप्रश्न विचारतो, आणि दोन अटी घालतो: उत्तर ठाऊक असूनही राजा बोलला नाही तर त्याचे मस्तक फुटेल, आणि बोलला तर मौन मोडल्यामुळे वेताळ परत झाडावर जाईल. आता पाहा, येथे भुताची गोष्ट आहे, न्यायनिवाड्याची गोष्ट आहे, कोडे आहे, आणि दोन्ही बाजूंनी कोंडलेल्या माणसाची गोष्टही आहे. भूत खरे आहे म्हणून एकाही वाचकाने तर्क लढवणे सोडले, असे मी आजवर पाहिलेले नाही. उलट प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मूल राजाच्या आधी उत्तर देण्यासाठी उतावीळ झालेले असते.

हे कशाने साधले? वेताळ सर्वशक्तिमान असूनही त्याच्या अटींनी बांधलेला आहे, आणि त्या अटी पहिल्याच फेरीत, प्रवास सुरू होतानाच, वाचकाच्या हाती दिलेल्या आहेत. त्याहूनही सुंदर भाग पुढे आहे. चोविसाव्या गोष्टीत बाप आणि मुलगा अशा दोन स्त्रियांशी विवाह करतात, ज्या परस्परांच्या मुलगी आणि आई आहेत, आणि वेताळ विचारतो की त्यांच्या संततीचे आपापसात नाते काय. राजाला उत्तर सुचत नाही, म्हणून तो खरोखरच गप्प राहतो. ज्या नियमाने त्याला तेवीस वेळा हरवले, त्याच नियमातून त्याची सुटका होते. मग प्रसन्न झालेला वेताळ त्या कपटी भिक्षूचा बेत उघड करतो. शेवट बाहेरून आणलेला नाही, तो पहिल्या पानावर ठेवलेल्या अटीतून उगवलेला आहे.

म्हणून माझे मत असे, की आपला राखणदार सर्व काही जाणतो यात काही बिघडलेले नाही. त्याला काय करता येत नाही हे अजून ठरलेले नाही, आणि आपल्या स्नेह्यांचा तर्क तेथेच थांबला. ते ठरवा, आणि फौजदार गावात पाऊल ठेवण्यापूर्वी वाचकाला सांगून टाका.

चाहत्यांच्या विषयावर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, तीही पैठणचीच. सोमदेवाने ज्या 'बृहत्कथे'चा आधार घेतला ती गुणाढ्याने पैशाची भाषेत लिहिली होती, आणि सातवाहन राजाने ती नाकारली, अशी आख्यायिका आहे. दुखावलेल्या गुणाढ्याने अरण्यात अग्नी पेटवला आणि सात लाख श्लोकांची ती कथा एकेक पान मोठ्याने वाचून तो जाळत गेला. वनातले पशू चरणे सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहिले. ते इतके रोडावले की राजाच्या ताटातले मांस बेचव झाले, आणि त्या कारणाचा शोध घेत राजा तेथे पोहोचला तेव्हा एक लाख श्लोक तेवढे शिल्लक होते. ते हरणांच्या व रानडुकरांच्या तन्मयतेमुळे वाचले. लेखनाला नकार मिळाल्यावर मी ही आख्यायिका पुन्हा वाचतो. तुम्हीही वाचा.

जुना रहस्यवाचक

मी त्या पहिल्या गृहस्थांच्या पंथातला आहे, तेव्हा त्यांची बाजू मांडतो. गोदातीर यांच्याशी मी सहमत आहे, परंतु रहस्यकथेचा वाचक अटींच्या बाबतीत अधिक कठोर असतो आणि त्याला तसे असण्याचा हक्क आहे.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यांतला दुसराच नियम असा आहे की अलौकिक शक्तींना रहस्यकथेत थारा नाही. हा मनुष्य रूक्ष नव्हता. याच नॉक्सने १९११ मध्ये शेरलॉक होम्सच्या कथांतील विसंगतींचा अभ्यास एखाद्या धर्मग्रंथाचा करावा तशा गांभीर्याने करणारा स्वतःचा निबंध वाचून दाखवला होता, आणि होम्सला खरा माणूस मानून त्याच्या कथा अभ्यासण्याचा चाहत्यांचा जो मोठा खेळ आजही जगभर चालू आहे त्याचा उगम बहुतेक जण त्या निबंधात पाहतात. म्हणजे पुस्तकांवर जीव लावणारा माणूसच अलौकिकाला दार बंद करत होता. का, हे समजून घ्यायला हवे. रहस्यकथा हा लेखक-वाचकांतला करार आहे: जे गुप्तहेराला दिसले ते मलाही दिसेल. शेवटच्या प्रकरणात भूत येऊन खुन्याचे नाव सांगणार असेल तर दोनशे पाने मी कशासाठी डोळ्यांत तेल घालून वाचली?

परंतु नॉक्सचा नियम मोडूनही करार पाळता येतो, हे विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह यांनी दाखवले. विज्ञानकथेत रहस्यकथा अशक्य आहे, कारण गुप्तहेर ऐन वेळी एखादे नवे यंत्र काढील, असे त्यांच्या काळात म्हटले जात असे. त्याला उत्तर म्हणून त्यांनी १९५४ मध्ये 'द केव्ह्ज ऑफ स्टील' ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तिच्यात यंत्रमानव आहे, पण त्याला काय करता येत नाही हे तीन नियमांनी आधीच बांधलेले आहे, आणि गुन्ह्याची उकल त्या नियमांच्या चौकटीतच होते. यंत्रमानवाऐवजी राखणदार ठेवा. प्रश्न तोच आहे.

मराठीतले माझे सर्वांत आवडते उदाहरण मात्र जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचे आहे. पानिपतावर मराठे जिंकले असते तर, हा आपल्या प्रत्येकाच्या मनातला सल आहे, आणि त्यावर नुसती स्वप्नकथा लिहिणे सोपे होते. नारळीकरांनी मात्र इतिहासाच्या प्राध्यापकाला दुसऱ्या इतिहासात नेऊन परत आणल्यावर त्याच्या हाती बखरीचे एक फाटके पान उरू दिले. आपल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. त्या पानावर ती कानाजवळून निघून जाते. त्या पानामुळे इतिहासाचा वाचक, विज्ञानाचा वाचक आणि माझ्यासारखा पुरावा मागणारा वाचक असे तिघेही एकाच वेळी थबकतात. ताई, आपल्या कादंबरीत ते पान कोणते? राखणदार आहे, हे सांगणारी आणि तरीही फौजदाराला हातात धरून पाहता येईल अशी वस्तू कोणती?

पणजीहून

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरीही मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. राखणदार हा यंत्रमानव नव्हे. त्याला आपण तीन कलमांत बसवले, तर रहस्यकथेचे वाचक खूश होतील, पण माझ्या आजीच्या बोलण्यात त्याचे नाव घेताना जो दबका स्वर येत असे तो कादंबरीतून निघून जाईल, आणि तो गेला की मागे उरते ते पोलिसांना मदत करणारे एक अदृश्य पात्र. अशा पात्राला नैवेद्य म्हणून भाकरीचा रोट कोण ठेवील?

माझे म्हणणे असे की नियम नव्याने बनवण्याची गरजच नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले आहेत आणि ते कोणी नियम म्हणून मांडत नाही. ते वागण्यात असतात. देवाला विचारायचे तर गाऱ्हाणे घालावे लागते, आणि गाऱ्हाणे घालण्याचा मान ठरलेल्या माणसाचाच असतो. उत्तर मिळते ते कौलाने. मूर्तीवर चिकटवलेल्या ओल्या पाकळ्या वा तांदूळ यांपैकी उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. कौल नाव सांगत नाही, कारण सांगत नाही, तो फक्त विचारलेल्या प्रश्नाचे हो किंवा नाही एवढेच देतो. म्हणजे ज्याला प्रश्न नीट विचारता येतो त्यालाच उत्तर मिळते. फौजदारासारख्या माणसाला यापेक्षा योग्य साक्षीदार कोणता मिळणार? गोदातीर यांच्या वेताळाने प्रश्न विचारले आणि राजाने उत्तरे दिली. येथे माणसाने प्रश्न विचारायचे आहेत. आपल्या कथेत कौल घेणारा गुरवच मेलेला आहे, हे विसरू नका. आता गाऱ्हाणे कोण घालणार आणि कौल कोण लावणार, यावर मानकऱ्यांत जो वाद होईल तो तपासाचाच भाग होईल, आणि आपल्या मैत्रिणीला जबान्यांचा कंटाळा येणार नाही.

जुना रहस्यवाचक यांनी वस्तू मागितली आहे. ती आपण स्वतःच प्रश्नात लिहून गेला आहात. वहाणा. आमच्याकडे वेताळ, म्हणजेच बेताळ, हा गावचा राखणदार मानला जातो; त्याला चामड्याच्या वहाणा वाहण्याची रीत आहे, आणि रात्रीच्या फेरीत त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. डिचोली तालुक्यातील आमोणे येथील बेताळाची पाषाणमूर्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना, त्या उंच उभ्या देहाकडे पाहताना तो रात्री चालतो यावर विश्वास ठेवणे अवघड का जात नाही, हे समजेल. झिजलेली टाच फौजदाराला हातात धरता येते. ती श्रद्धेचीही वस्तू आहे आणि मुद्देमालाचीही.

आणखी एक. राखणदार आपली सीमा सोडत नाही. आमच्या लहानपणी ओहोळापर्यंत तो सोबत असतो आणि त्यापलीकडे दुसऱ्या गावचा, असेच सांगत.

जुना रहस्यवाचक

पणजीहून लिहिणाऱ्या स्नेह्यांचा विरोध मला मान्य आहे, आणि त्यांच्या शेवटच्या दोन वाक्यांनी मला रात्री उशिरापर्यंत जागे ठेवले.

ताईंनी लिहिले आहे की गुरव गावच्या सीमेपलीकडील खाजणात सापडला. तेथला चिखल काळा आणि खारा असणार. गावची सीमा जर जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, जात असेल तर तिथली धूळ तांबडी. आता समजा, सकाळी देवळातल्या वहाणांच्या टाचेला काळा चिखल आढळला. गाव म्हणेल की राखणदार खाजणात गेला, म्हणजे गुरवाला त्यानेच शिक्षा केली, आणि सर्व जण गप्प बसतील. फौजदार बाहेरचा आहे. तो म्हणेल की हे थोतांड आहे. दोघेही चुकतील. राखणदार सीमा ओलांडत नाही हे ज्याने मनापासून मानले असेल, त्यालाच कळेल की त्या रात्री त्या वहाणा दुसऱ्या कोणाच्या तरी पायांत होत्या. म्हणजे श्रद्धा खरी धरल्याशिवाय तर्क पूर्ण होत नाही. माझ्या आयुष्यात मी शेकडो रहस्यकथा वाचल्या, परंतु अलौकिकाला खरे मानले तरच खुनी सापडतो अशी रचना फार थोड्या वेळा भेटली. हे आपलेच आहे, ताई. मी फक्त आपल्या प्रश्नातली वाक्ये जुळवली.

अनुवादिका

चर्चा इतकी पुढे गेली आहे की कथानकाविषयी मला काही जोडायचे नाही. चाहते आणि भाषा यांविषयी मात्र थोडे लिहिते, कारण अनुवाद करताना मला रोज या दोहोंशी गाठ घालावी लागते.

नियम पहिल्या पानावर सांगा, हे खरे. पण लिहिताना नियम बदलतात, हेही खरे. टोल्किन यांचा 'हॉबिट' १९३७ साली मुलांसाठीची गोष्ट म्हणून आला. पुढे त्याच जगात 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे अंगठीचे गंभीर महाकाव्य रचताना त्यांच्या लक्षात आले की पहिल्या पुस्तकात अंगठी बाळगणारा गॉलम ती फारच सहज पणाला लावतो. जी अंगठी माणसाला ग्रासून टाकते ती कोणी अशी देऊ करणार नाही. १९५१ च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण बदलले. जुन्या आवृत्तीचे वाचक होतेच, त्यांना फसवल्यासारखे वाटू नये म्हणून त्यांनी जुना वृत्तान्त खोडून न टाकता कथेच्या आतच त्याला जागा दिली: अंगठी मिळवणाऱ्या बिल्बोने, म्हणजे 'हॉबिट'च्या नायकाने, आधी खोटे सांगितले होते. अंगठीचा प्रभाव किती, हे त्या खोट्यानेच सिद्ध झाले. लहान मुलांची कथा आणि वीरकथा यांचा सांधा त्यांनी असा जोडला, आणि वाचकांच्या स्मरणशक्तीचा मानही राखला. आपल्या पहिल्या खर्ड्यातले काही बदलावे लागले, तर ते गावातल्या एखाद्याने चुकीचे सांगितले होते असे करता येते का, हे पाहावे.

संपादकांच्या प्रश्नाचे मनाला फार लावून घेऊ नका. पुस्तकांच्या दुकानात एक पुस्तक एकाच फळीवर राहते, ही त्यांची खरी अडचण आहे. परंतु चाहत्यांनी ही अडचण आपल्यापुरती सोडवलेली आहे. २००९ पासून चालू असलेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांच्या कथांच्या इंटरनेटवरील संग्रहात लेखक आपल्या कथेला हव्या तितक्या खुणा (टॅग) लावतो, आणि स्वयंसेवक एकाच अर्थाच्या वेगवेगळ्या खुणा परस्परांना जोडून ठेवतात, त्यामुळे तीच कथा रहस्य शोधणाऱ्यालाही सापडते आणि भूत शोधणाऱ्यालाही. त्या संग्रहाला २०१९ मध्ये विज्ञानकथा व अद्भुतकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आपण आठ वर्षे ज्या परंपरेत लिहिलेत ती वाचकांना एकाच कप्प्यात बसवत नाही; तेथून आलेल्या माणसाने कप्प्याची भीती का बाळगावी? मलपृष्ठावर 'एक खून, एक फौजदार आणि एक राखणदार' एवढे लिहिले तरी दोन्ही वाचकांना आपापले बोलावणे पोहोचेल.

भाषेविषयी. अमेरिकन अद्भुतकथालेखिका अर्सुला ले ग्विन यांनी १९७३ मध्ये अद्भुतकथेच्या शैलीवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी एका अद्भुत कादंबरीतला संवाद घेतला, त्यातले मोजके शब्द बदलले, आणि तो संवाद थेट आधुनिक वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांच्या तोंडी शोभू लागला. ज्या भाषेत अद्भुत मुरलेले नाही ती भाषा अशी उघडी पडते. मराठीत याच्या उलटही घडते: आपण अद्भुत आले की संस्कृतप्रचुर होतो, आणि राखणदार पौराणिक नाटकातल्यासारखा बोलू लागतो. आपला राखणदार बोलत नसेल तर उत्तमच. पण त्याच्याविषयी बोलणारी माणसे मालवणीत बोलू द्या, फौजदाराची जबानी संस्थानी दप्तराच्या मराठीत येऊ द्या, आणि त्या दोन भाषांमध्ये जे निसटते ते निसटू द्या. 'अवसर आला', म्हणजे माणसाच्या अंगात देव आला, हे फौजदार दप्तरात कसे लिहील, एवढ्या एका वाक्यावर मी एक प्रकरण आनंदाने वाचीन.

प्रॅचेट यांचे नाव निघाले म्हणून एवढेच. २०१५ मध्ये ते गेले तेव्हा चाहत्यांनी त्यांच्याच 'गोइंग पोस्टल' मधली रीत उचलली. त्या पुस्तकात संदेश पोहोचवणाऱ्या मनोऱ्यांवरचे लोक मेलेल्या सोबत्याचे नाव एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सतत फिरते ठेवतात, कारण नाव फिरते आहे तोवर माणूस मेलेला नाही. वाचकांनी प्रॅचेट यांचे नाव तसेच वेबसाइटांच्या न दिसणाऱ्या मजकुरात घातले, आणि अनेक ठिकाणी ते अजूनही फिरत आहे. रोज रात्री फेरी मारणाऱ्या राखणदाराची कल्पना आपल्याला सुचली, यात आपली ती आठ वर्षे असावीत असे मला वाटते.

तेरेखोलकाठ

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत हे कळत नाही. प्रश्न लिहिताना वहाणांची करकर मी केवळ वातावरणासाठी लिहिली होती, आणि खाजण सीमेपलीकडे ठेवले ते तेथे ओहोटीला प्रेत सापडणे सोयीचे होते म्हणून. ती दोन्ही वाक्ये एकमेकांकडे पाहत आहेत, हे मला तीन वर्षांत दिसले नव्हते.

काल आणि आज बसून पहिली तीन प्रकरणे नव्याने मांडली. आता कादंबरी खुनाने सुरू होत नाही. जत्रेच्या आठ दिवस आधी राखणदाराच्या नव्या वहाणा देवळात येतात. कोणाच्या मापाने त्या शिवायच्या हे ठरलेले असते आणि त्या मापाची काठी मानकऱ्याच्या घरी असते. सीमा कुठून कुठे जाते हे एक म्हातारा वाट चुकलेल्या मुलाला दाखवतो, आणि ओहोळाशी येऊन थांबतो. फौजदार येण्यापूर्वी वाचकाला एवढे सर्व ठाऊक असेल. पहिल्या खर्ड्यात राखणदार मुखवट्याजवळ प्रकट होत असे, तो प्रसंग मी काढून टाकला. पणजीहून लिहिणाऱ्या दादांचे म्हणणे पटले: तो दिसला की लहान होतो. कौलाचे प्रसंग तीन ठेवले आहेत, आणि पहिल्या दोन वेळा फौजदार चुकीचा प्रश्न विचारतो.

एक गोष्ट मात्र लिहिता लिहिता आपोआप आली. वहाणा दुसऱ्याच्या पायांत होत्या, तर त्या रात्री राखणदार अनवाणी फिरला असणार. म्हणजे गावाला करकर ऐकू आली नाही. गुरव इतक्या रात्री देवळाकडे का गेला, याचे कारण मला तीन वर्षे सापडत नव्हते. तो त्या न आलेल्या आवाजामुळे उठला. हे फौजदाराला गुरवाची आई सांगते, आणि ती सांगते तेव्हा तो जबानी लिहिणे थांबवतो, कारण 'काही ऐकू आले नाही' हे वाक्य त्याने त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाच्या जबानीत आधीच लिहिलेले असते.